बोटीवरील नोकरी : जहाजमालक आणि एजंट विश्वासार्ह आहेत का, हे कसे पारखावे?

पिंपळे गुरव, सांगवी, कासारवाडी व दापोडी या परिसरातील बहुतेक कुटुंबांचा चरितार्थ पिंपरी, भोसरी आणि चाकण येथील कारखान्यांवर चालतो. समुद्र आहे तो घाटाखाली. तरीही बारावी किंवा आयटीआय झालेल्या येथील तरुणांना मर्चंट नेव्हीचे आकर्षण वाटते व त्यास कारणही आहे. तळेगाव–चाकण मार्गावर इंदुरी येथे तोलानी मेरिटाइम इन्स्टिट्यूट आहे, लोणावळ्याजवळ समुंद्रा संस्था आहे आणि लोणी काळभोर येथे मॅनेट ही नौकानयनाचे शिक्षण देणारी संस्था आहे. जहाजावरील जीवनाची पहिली ओळख अशा रीतीने पुण्याच्या परिसरातच होते.

परंतु प्रशिक्षण जवळ असले तरी अनुभव जवळ नसतो. गोव्यातील सासष्टी व बार्देश तालुक्यांत किंवा रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर शेजारच्या घरी बोटीवरून निवृत्त झालेला कोणीतरी असतो. "ही कंपनी चांगली, ती पगार थकवते" हे तो दोन वाक्यांत सांगू शकतो. कारखान्यांच्या वस्तीत असा सल्लागार सहसा भेटत नाही. भेटतो तो मोबाईलवर आलेल्या जाहिरातीतला एजंट. त्याच्या शब्दावर वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी, आईचे दागिने किंवा पतपेढीचे कर्ज पणाला लावले जाते. म्हणून मुख्य गोष्ट आरंभीच सांगणे इष्ट होईल : नोकरी देणाऱ्याची पारख त्याच्या बोलण्यावरून किंवा कार्यालयाच्या थाटावरून करू नये. त्याने दिलेल्या माहितीची दुसऱ्या, स्वतंत्र ठिकाणी पडताळणी करावी, आणि ती पासपोर्ट व पैसा हातातून जाण्यापूर्वी करावी.

प्रश्न जुनाच आहे

शंभर वर्षांपूर्वी मुंबई बंदरात काम शोधणारे गोमंतकीय खलाशी धोबी तलाव, माझगाव या भागांतील गावोगावच्या 'कुडां'मध्ये राहून बोटीची वाट पाहत. बोट मिळवून देणारे दलाल व घाट सारंग त्यांच्याकडून पैसे उकळत आणि पहिल्या पगाराच्या आधीच माणूस कर्जात बुडे. १९२० साली जिनोआ येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने खलाशांना विनामूल्य काम मिळवून देणारी कार्यालये असावीत, असा करार संमत केला. भारतात १९२२ सालच्या क्लो समितीने दलालीच्या या पद्धतीची चौकशी केली. पुढे स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईत सीमेन्स एम्प्लॉयमेंट ऑफिस कार्यरत झाले. आज साधने बदलली आहेत, दलालाची युक्ती मात्र बदललेली नाही : आधी पैसे, मग बोट.

खरा मालक कोण?

कारखान्यात 'कंपनीचा कामगार' आणि 'ठेकेदाराचा कामगार' यांत काय फरक असतो, हे आपल्या भागात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जहाजावर तर तीन-चार पक्ष असतात. जहाजाचा नोंदणीकृत मालक एक, त्याचे व्यवस्थापन पाहणारी कंपनी दुसरी, खलाशी भरती करणारा एजंट तिसरा, आणि जहाज ज्या देशाचा ध्वज लावते तो देश चौथा. पनामा, लायबेरिया, मार्शल बेटे अशा देशांत नोंदलेली हजारो जहाजे प्रत्यक्षात अन्य देशांतील मालकांची असतात. यात बेकायदा काही नाही. परंतु पगार थकला तर कोणाच्या दारात जायचे, हे आधीच ठाऊक असले पाहिजे.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय तेलक्षेत्रात 'पी-३०५' हा बार्ज बुडाला. त्या दुर्घटनेत, त्याच वादळात बुडालेल्या 'वरप्रदा' टगवरील मृत धरून, ऐंशीहून अधिक माणसे दगावली. बार्जवरील अनेक जण निरनिराळ्या कंत्राटदारांमार्फत आलेले कामगार होते. भोसरी-चाकणमधील वेल्डर, फिटर व रिगर यांनाही 'ऑफशोअर'च्या कामाची बोलावणी येतात. अशा वेळी पहिला प्रश्न पगाराचा नसावा. "माझ्या करारावर मालक म्हणून कोणाची सही असेल आणि माझा विमा कोणाच्या नावे आहे?" हा असावा.

पहिली कसोटी : परवाना

भारतातून खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा, म्हणजे 'डीजी शिपिंग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या केंद्र सरकारच्या कार्यालयाचा, परवाना असावा लागतो. त्यास आरपीएसएल म्हणतात. त्याविषयीचे नियम २००५ साली झाले व २०१६ साली नव्याने करण्यात आले. परवानाधारकास सरकारकडे बँक हमी ठेवावी लागते. म्हणजे त्याच्याविरुद्धच्या तक्रारीस काही आधार असतो.

पडताळणी करताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, परवान्याचा क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावरील यादीत आहे काय? दोन, त्याची मुदत चालू आहे काय, तो निलंबित वा रद्द तर झालेला नाही? तीन, यादीतील पत्ता व दूरध्वनी आणि आपल्याशी बोलणाऱ्याचा पत्ता व दूरध्वनी एकच आहेत काय? ही तिसरी गोष्ट अनेकजण विसरतात. फसवणारे लोक नामांकित कंपनीचे नाव, बोधचिन्ह आणि खरा परवाना क्रमांकही वापरतात; फोन मात्र त्यांचा स्वतःचा असतो. म्हणून आलेल्या पत्रावरील क्रमांकावर फोन न करता यादीतील क्रमांकावर फोन करावा आणि ही जागा व हे पत्र आपलेच आहे काय, असे विचारावे.

"आम्ही त्या परवानाधारक कंपनीचे सब-एजंट आहोत" असे सांगणाऱ्यापासून दूर राहावे. मधला माणूस वाढला की उत्तरदायित्व घटते आणि मागणी वाढते.

दुसरी कसोटी : पैसा

सागरी कामगार करार २००६, ज्यास 'एमएलसी' म्हणतात, तो २० ऑगस्ट २०१३ पासून जगभर लागू झाला. भारताने तो ९ ऑक्टोबर २०१५ रोजी स्वीकारला व वर्षभराने तो भारतासाठी अमलात आला. त्यातील नियम स्पष्ट आहे : नोकरी मिळवून देण्यासाठी खलाशाकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, संपूर्ण वा अंशतः, कोणतेही शुल्क घेता येत नाही. खलाशाने सोसावयाचे खर्च तीनच : कायद्याने आवश्यक असलेले वैद्यकीय प्रमाणपत्र, खलाशाचे सेवापुस्तक म्हणजे सीडीसी, आणि पासपोर्ट. व्हिसाचा खर्च मालकाचा.

मान्यताप्राप्त संस्थेची प्रशिक्षण फी हा वेगळा विषय आहे. ती संस्थेच्या खात्यात भरावी व पावती घ्यावी. परंतु 'प्रोसेसिंग फी', 'जॉइनिंग चार्ज', 'सिक्युरिटी डिपॉझिट', 'कॅप्टनला द्यायचे' अशा कोणत्याही नावाने नोकरीसाठी पैसा मागितला गेला, तर पुढील चौकशीची आवश्यकताच नाही. ही कसोटी एकटीच पुरेशी आहे. मागणी रोख असेल किंवा एखाद्या व्यक्तीच्या खासगी खात्यावर असेल, तर संशयासही जागा उरत नाही.

येथे तरुणांची अडचण समजून घेतली पाहिजे. प्रशिक्षण पूर्ण करणारे अनेक आणि नवख्यांना घेणाऱ्या जागा थोड्या, अशी स्थिती असते. वर्ष-दीड वर्ष घरी बसलेल्या मुलास "चार लाख भर, पुढच्या आठवड्यात बोट" हे वाक्य तारणहारासारखे वाटते. आईवडिलांनी त्या क्षणी "इतरांनी भरले, आपणही भरू" असे म्हणू नये. पैसे देऊन मिळालेली बोट बहुधा अशी असते, की जिच्यावर पैसे न घेता कोणी जाणार नाही.

तिसरी कसोटी : जहाज

नोकरी कंपनीत असली तरी राहायचे जहाजावर आहे. म्हणून जहाजाचे नाव व त्याचा आयएमओ क्रमांक मागून घ्यावा. हा सात अंकी क्रमांक जहाजाचे नाव, मालक वा ध्वज बदलला तरी बदलत नाही. माणसाच्या जन्मतारखेसारखा तो कायम राहतो. तो देण्यास एजंट टाळाटाळ करीत असेल, तर ती धोक्याची खूण समजावी.

क्रमांक लिहिण्यात चूक आहे काय, हे घरीच तपासता येते. पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ व २ यांनी गुणावे आणि बेरीज करावी. बेरजेचा शेवटचा अंक हाच क्रमांकाचा सातवा अंक असला पाहिजे. मात्र हे गणित जुळले म्हणजे जहाज खरे, असे समजू नये. १२३४५६७ या संख्येतही बेरीज ७७ येते व ती नियमात बसते. म्हणून पुढची पायरी आवश्यक आहे.

'इक्वासिस' या संकेतस्थळावर विनामूल्य नोंदणी करून आयएमओ क्रमांक टाकला असता जहाजाचा मालक, व्यवस्थापक, ध्वज, बांधणीचे वर्ष, विमा आणि निरनिराळ्या बंदरांत झालेल्या तपासण्या दिसतात. तपासणीत दोष आढळल्याने जहाज बंदरात अडकवून ठेवले गेले असेल, तर त्यास 'डिटेन्शन' म्हणतात. जुने जहाज म्हणजे वाईट जहाज असे नाही, आणि एखादा दोष सर्वत्र निघतो. परंतु वारंवार डिटेन्शन, वरचेवर बदलणारे नाव व ध्वज, आणि विम्याचा रकाना रिकामा, या तीन गोष्टी एकत्र दिसल्यास त्या जहाजावर पाऊल ठेवू नये. 'पॅरिस एमओयू' ही युरोप व उत्तर अटलांटिकमधील तपासणी यंत्रणा ध्वजांची पांढरी, राखाडी व काळी यादी दरवर्षी प्रसिद्ध करते. ध्वज काळ्या यादीत असेल तर अधिक सावध राहावे.

चौथी कसोटी : करार

विश्वासार्ह कंपनी करार आधी वाचावयास देते. एमएलसीनुसार सही करण्यापूर्वी करार तपासण्याची व सल्ला घेण्याची संधी खलाशास मिळालीच पाहिजे आणि सही केलेली मूळ प्रत त्याच्याजवळ राहिली पाहिजे. "विमानतळावर सही कर" किंवा "बोटीवर गेल्यावर कागद मिळेल" हे दोन्ही नाकारावे.

करारात पुढील बाबी असाव्यात : जहाजमालकाचे नाव व पत्ता, खलाशाचे पद, पगार व तो कसा मोजला जाईल, रजा, कराराची मुदत व तो संपविण्याच्या अटी, आजारपण व अपघातातील संरक्षण, आणि मालकाच्या खर्चाने मायदेशी परतण्याचा हक्क. पगार महिन्यापेक्षा अधिक अंतराने देता येत नाही. चोवीस तासांत किमान १० तास आणि सात दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. दर महिन्यास किमान अडीच दिवस पगारी रजा जमा होते.

पगाराचा आकडा पाहताना मूळ पगार, ओव्हरटाइम व रजेचा पगार वेगवेगळे वाचावेत. अनुभवी व प्रमाणित खलाशासाठी, म्हणजे 'एबी'साठी, आंतरराष्ट्रीय स्तरावर ठरलेला किमान मूळ पगार २०२५ साठी दरमहा ६७३ डॉलर व २०२६ साठी ६९० डॉलर होता. नवख्या मुलास पहिल्याच फेरीत याच्या कित्येक पट पगाराचे आश्वासन मिळत असेल, तर ते मिळणार नाही, असेच धरून चालावे.

पगाराचा ठरावीक भाग थेट कुटुंबाच्या खात्यात पाठविण्याची सोय कंपनीने करावयाची असते. ती सोय आहे काय, हे आईने किंवा पत्नीने स्वतः विचारावे. कारखान्यात ठेकेदाराने पीएफ भरला की नाही हे आपण जसे पाहतो, तसेच हे आहे.

पाचवी कसोटी : विमा

मालक दिवाळखोर झाला वा त्याने जहाज वाऱ्यावर सोडले, तर काय? यासाठी एमएलसीत १८ जानेवारी २०१७ पासून महत्त्वाची तरतूद लागू आहे. मालकाने खलाशास घरी पाठविण्याचा खर्च उचलला नाही, अन्न-पाणी-इंधनाविना ठेवले, किंवा किमान दोन महिने पगार न देण्यासह त्याच्याशी संबंध तोडले, तर तो 'परित्यक्त' समजला जातो. त्या वेळी विमा संस्थेने चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार, जीवनावश्यक गरजा व परतीचा प्रवास यांचा खर्च द्यावयाचा असतो. या विम्याचे प्रमाणपत्र जहाजावर सर्वांना दिसेल अशा जागी लावलेले असते. मृत्यू वा दीर्घकालीन अपंगत्वाच्या भरपाईचे प्रमाणपत्र निराळे असते. दोन्हींची प्रत जाण्यापूर्वी मागावी, आणि जहाजावर चढताच दोन्हींचे मोबाईलवर छायाचित्र घेऊन घरी पाठवावे.

ही भीती काल्पनिक नाही. आंतरराष्ट्रीय वाहतूक कामगार महासंघ अर्थात आयटीएफच्या नोंदीनुसार २०२४ साली ३१२ जहाजांवरील ३,१३३ खलाशी परित्यक्त झाले. त्यांत सर्वाधिक, म्हणजे ८९९, भारतीय होते.

सहावी कसोटी : आधी काम केलेले लोक

कागद जुळले तरी कंपनीची वागणूक कागदावर दिसत नाही. त्या कंपनीच्या जहाजांवर काम केलेल्या किमान दोन-तीन व्यक्तींशी बोलावे. त्यांची नावे एजंटाकडून न घेता आपल्या प्रशिक्षण संस्थेकडून वा माजी विद्यार्थ्यांकडून मिळवावीत. प्रश्न नेमके विचारावेत : पगार कोणत्या तारखेस मिळत असे? मुदत संपल्यावर बदली माणूस वेळेवर आला काय? कोणी आजारी पडले तेव्हा बंदरात डॉक्टरकडे नेले काय? पिण्याचे पाणी व भाजीपाला पुरेसा असे काय? तीच माणसे पुन्हा त्याच कंपनीत जात असतील, तर त्याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही. आयटीएफचे 'शिप बी शुअर' हे संकेतस्थळही भरती करणाऱ्या एजंटांविषयी माहिती देते.

फसवणुकीची ठरलेली वाट

मुंबई व नवी मुंबईतील पोलीस ठाण्यांत अशा फसवणुकीचे गुन्हे वारंवार नोंदले गेले आहेत. त्यांची वाट बहुधा एकच असते. जाहिरात, फोनवर पाच मिनिटांची मुलाखत, तत्काळ निवड, पैशांचा पहिला हप्ता, "व्हिसा आला" म्हणून दुसरा हप्ता, मग दुबई, मलेशिया किंवा इराणचे पर्यटक व्हिसावरील तिकीट. तेथे पासपोर्ट काढून घेतला जातो आणि कबूल केलेल्या मोठ्या जहाजाऐवजी लहान, जुनी बोट मिळते. कधी बोटही नसते व मागे एजंटाचे कार्यालय बंद झालेले असते. काही एजंट "दुसऱ्या देशाचे सीडीसी काढून देतो" असेही सांगतात. अशा कागदावर आणि परवानाबाह्य मार्गाने केलेली सेवा पुढे परीक्षेसाठी ग्राह्य धरून घेणे अवघड होते. पैशाबरोबर वर्षही वाया जाते.

याहून गंभीर प्रसंगही घडतात. फेब्रुवारी २०२० मध्ये इराणमध्ये एका बोटीवरील पाच भारतीय खलाशांना अमली पदार्थांच्या तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली. त्यांत मुंबईचे दोघे होते. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरविले. तोवर वर्ष उलटले होते, आणि सुटका झाल्यानंतरही त्यांना लगेच मायदेशी परतता आले नाही. बोट कोणाची व तिच्यात काय भरले जाते, हे न जाणता चढणाऱ्याच्या वाट्यास काय येऊ शकते, हे यावरून ध्यानात येईल.

घरी ठेवावयाचा कागद

जाण्यापूर्वी एका कागदावर पुढील माहिती लिहून घरी ठेवावी : जहाजाचे नाव, आयएमओ क्रमांक व ध्वज, मालक व व्यवस्थापक कंपनीची नावे, एजंटाचा परवाना क्रमांक व कार्यालयाचा दूरध्वनी, विमा संस्थेचे नाव, आपला इंडोस, सीडीसी व पासपोर्ट क्रमांक, आणि कराराची प्रत. संकट आल्यावर ही माहिती गोळा करण्यात कुटुंबांचे अनेक दिवस जातात. ती हाताशी असेल तर पहिल्याच दिवशी तक्रार करता येते.

अडचण आल्यास

सर्वात मोठी चूक म्हणजे वाट पाहत बसणे. 'एमटी इबा' या तेलवाहू जहाजाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. मालक आर्थिक अडचणीत आल्याने भारत, पाकिस्तान व म्यानमार येथील पाच खलाशी पगाराविना संयुक्त अरब अमिरातीच्या किनाऱ्याजवळ दीर्घकाळ अडकून पडले. जानेवारी २०२१ मध्ये नांगर तुटून ते जहाज उम्म अल कुवैनच्या वाळूत येऊन रुतले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. जहाज सोडले तर थकीत पगार बुडेल, ही अशा खलाशांची भीती असते. म्हणून पहिला पगार चुकताच लेखी विचारणा करावी आणि दुसरा चुकताच तक्रार नोंदवावी.

तक्रार नौवहन महासंचालनालयाकडे व मुंबईच्या शिपिंग मास्टरकडे करता येते. खलाशांसाठी नुसी, अधिकाऱ्यांसाठी मेरिटाइम युनियन ऑफ इंडिया या संघटना आणि आयटीएफचे निरीक्षक साहाय्य करतात. परदेशात भारतीय दूतावास व परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' हे संकेतस्थळ आहे. 'सीफेअररहेल्प' ही विनामूल्य सेवा दिवसरात्र चालते. भारतातील २०१७ च्या नाविक न्यायाधिकार कायद्यानुसार खलाशाच्या पगाराचा बोजा जहाजावरच असतो व त्यास अग्रक्रम आहे. असे जहाज भारतीय बंदरात आले, तर मुंबईसारख्या उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते अडकवूनही ठेवता येते. एजंटाने येथेच फसविले असेल, तर पावत्या, संदेश व बँकेचे व्यवहार जपून ठेवावेत आणि जवळच्या पोलीस ठाण्यात तसेच महासंचालनालयाकडे, दोन्हीकडे, तक्रार द्यावी.

ख्रिस्तसभेचा 'स्टेला मारिस' हा सागरी सेवाकार्याचा उपक्रम १९२० साली ग्लासगो येथे सुरू झाला व आज जगभरच्या बंदरांत कार्यरत आहे. बंदरातील चॅप्लेन कोणत्याही धर्माच्या खलाशास भेटतात, घरी संपर्क साधून देतात आणि अडचण योग्य अधिकाऱ्यापर्यंत पोहोचवितात. जहाजावर असलेल्या आपल्या माणसाची चिंता वाटत असेल, तर कुटुंबाने आपल्या धर्मगुरूंमार्फत त्या बंदरातील चॅप्लेनशी संपर्क साधावा. जुलै महिन्याचा दुसरा रविवार 'सागर रविवार' म्हणून पाळला जातो. त्या दिवशी खलाशांसाठी प्रार्थना करताना धर्मग्रामातील अनुभवी दर्यावर्दींना, असल्यास, जाण्याच्या तयारीत असलेल्या तरुणांशी चार शब्द बोलण्यास सांगावे. किनाऱ्यावरील गावांत जो सल्ला शेजारी मिळतो, तो आपल्याकडेही मिळू लागेल.

बोटीची नोकरी वाईट नाही. हजारो भारतीय कुटुंबे तिच्यावर सन्मानाने उभी आहेत. चांगली कंपनी वरील सर्व प्रश्नांची उत्तरे न रागावता देते, कारण तिलाही पारखून घेणारा खलाशी हवा असतो. प्रश्न विचारल्यावर जो चिडतो, घाई करतो किंवा "जागा जाईल" अशी भीती घालतो, त्याने आपले उत्तर दिलेलेच असते.